चारी बाजूंनी पाणी

योम: यादी लागून दोन तास झाले, तुमचं नाव त्यात नाही, आणि तुम्ही इथे बोटीच्या तळाला बसून मजेत किंबापचे भाताचे रोल खाताय?

मेंग: जेवणाची सुटी आहे ना, मिस्त्री. सुटीत अजून काय करतात? घ्या एक. मुळा आज जरा खारट झालाय.

योम: मुळ्याचं राहू द्या, मेंगबाई. परवा ही बोट आठ दिवस समुद्रात चाचणीला निघतेय. डागडुजीसाठी वेल्डर म्हणून मी जाणार. आणि वेल्डरच्या पाठीमागे आगीवर लक्ष ठेवायला माणूस बसल्याशिवाय एक ठिणगी पाडायची नाही, असा नियम. अकरा वर्षं माझ्या पाठीमागे आग विझवायचा सिलेंडर धरून कोण बसलंय?

मेंग: मीच बसले असेन.

योम: 'असेन' म्हणे! सात लढाऊ फ्रिगेटी बांधल्या आपण, ही आठवी. आणि यादीत नाव कुणाचं? रंगखात्यातल्या ओकबाईंचं.

मेंग: चांगल्या आहेत ओकबाई. झोपच लागत नाही त्यांना. ठिणगीवर नजर राहील.

योम: मी सोक फोरमनला धरला. म्हटलं, हे काय चाललंय? तर तो म्हणतो, मावशींनाच आधी विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. खरं का?

मेंग: नको नाही म्हटलं मी.

योम: मग काय म्हणालात? शब्दाला शब्द सांगा.

मेंग: तो जिन्यावरून वाकून म्हणाला, मावशी, चाचणीला येणार का, यंदा बायकांसाठी एक बिछाना आहे. मी म्हटलं, आता या वयात मी कुठे येऊ, एखाद्या तरण्या बाईला न्या.

योम: हे नको नाही तर काय आहे?

मेंग: आमच्याकडे याला नको म्हणत नाहीत.

योम: मग काय म्हणतात?

मेंग: सुरुवात म्हणतात. पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं नसतं, माणूस हावरट दिसतो. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, उगाच तुम्हाला अडचण. तिसऱ्यांदा विचारलं की मग उठायचं. आमच्या चुंगजूत शेजारी जेवायला बोलवायला आला तरी असंच.

योम: आणि तो दुसऱ्यांदा आलाच नाही तर?

मेंग: येतात की. आमच्याकडे येतात.

योम: अहो, सोक बुसानचा आहे! त्यानं बायकोलासुद्धा एकदाच विचारलं असेल, तेही बसमध्ये चढता चढता.

मेंग: मी चार दिवस वाट बघितली. रोज तो या जिन्यावरून जायचा. रोज मी हेल्मेट नीट करून बसायचे.

योम: थांबा. थांबा जरा. मी तुम्हाला पहिल्या दिवशी कॉफी विचारली होती. यंत्रातली. तुम्ही म्हणालात, राहू द्या.

मेंग: आठवतं की.

योम: म्हणून अकरा वर्षं मी पुन्हा विचारलं नाही! म्हटलं, बाईंना आवडत नाही.

मेंग: आवडते. दूध घातलेली.

योम: अकरा वर्षं तुमच्यासमोर एकटा कॉफी ढोसत बसलो मी! आणि तुम्ही तुमची ती जवाच्या चहाची बाटली घेऊन...

मेंग: जवाचा चहाही बरा असतो.

योम: डोकं फिरवाल माझं. आता सरळ सांगा. जायचंय की नाही?

मेंग: समुद्र काय मिस्त्री, धक्क्यावरूनही दिसतो.

योम: ही झाली सुरुवात. बरं. जायचंय?

मेंग: तुम्हालाच त्रास. फोरमनशी भांडत बसाल.

योम: हे दुसरं. मेंगबाई, जायचंय का तुम्हाला?

मेंग: ... जायचंय हो. फार जायचंय.

योम: मग सात बोटी गेल्या तेव्हा तर कधी चकार शब्द काढला नाहीत. या आठवीचंच काय एवढं?

मेंग: त्या सातांची नावं वेगळी होती.

योम: नाव? नावाचं काय? तीन वर्षं आपण हिला नुसतं एकोणतीस-सतरा म्हणत होतो. आमच्या बायकोलाही तोच नंबर पाठ. पाणबुडी हुडकते, विमान पाडते, हेलिकॉप्टर डोक्यावर उतरवून घेते, एवढं सगळं येतं हिला, पण नाव नव्हतं.

मेंग: सगळी कामं एकटीच्या माथी आणि नाव कुणी घेत नाही. बाईच की.

योम: हसवू नका. मी रागावलोय.

मेंग: पाण्यात सोडायच्या दिवशी त्या पाहुण्या बाईंनी कुऱ्हाडीनं दोर तोडला, कापड खाली आलं, आणि मोठ्या पांढऱ्या अक्षरांत चुंगजू. मी क्रेनखाली उभी होते.

योम: मी बघत होतो तुमच्याकडे. मला वाटलं, उन्हानं भोवळ आली.

मेंग: ऊन कुठे होतं त्या दिवशी? तीन वर्षं मी माझ्याच गावात बसले होते, मिस्त्री, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

योम: चुंगजूहून माणसं आली होती, सफरचंदाच्या पेट्या घेऊन. सगळ्यांना एकेक दिलं.

मेंग: मी दोन घेतली. एक आईला. त्या माणसांना विचारलं, तिथल्या बामगोल वाडीचं कुणी आहे का? एका पोरीनं विचारलं, ते कुठे आलं? मी म्हटलं, आता नाही. धरणात गेलं, पंच्याऐंशी साली. एकतीस घरं होती.

योम: तुमचं गाव धरणात गेलं? अकरा वर्षांत कधी बोलला नाहीत!

मेंग: तुम्ही वेल्डिंगच्या मुखवट्याच्या आत असायचा. आणि बाहेर आलात की कॉफी प्यायचा.

योम: बोला आता. मी मुखवटा घातलेला नाही.

मेंग: बोलण्यासारखं काय असतं? पाणी येतं ते धावत नाही येत. वाटतं, आज इथवर आहे, उद्याही इथवरच असेल. एका बाजूला डोंगर होता, तिथे जाऊन सगळे बसले. आई बसली आमची. तिचे आंबवलेल्या सोयाचे रांजण अंगणात राहिले होते, ते एकेक करून जाताना बघत होती. एक तरंगला थोडा वेळ.

योम: आई आहेत अजून?

मेंग: अठ्ठ्याऐंशीची आहे. आता इथेच उल्सानला असते, माझ्याजवळ. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, मिस्त्री. आणि रोज संध्याकाळी ती मला विचारते, सुन-दक, पाणी पायरीला लागलं का गं? मी म्हणते, नाही आई. मग ती हळूच गाठोडं बांधायला घेते.

योम: अरे देवा.

मेंग: मला वाईट वाटतं ते गाठोड्याचं नाही. त्यात दोन टॉवेल आणि एक वाटी असते, मी रात्री सोडून ठेवते. पण चुंगजू म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर नुसतं पाणी. मला वाटलं, एकदा, एकदाच त्या बोटीत जाऊन बसावं. ही खोली पाण्याच्या रेषेच्या खाली येते ना?

योम: दोन मीटर खाली.

मेंग: तेच. चारी बाजूंनी पाणी, वरपर्यंत पाणी, आणि मध्ये चुंगजू कोरडं. ते मला बसून बघायचं होतं.

योम: पण आत्ताही बोट पाण्यातच आहे की. तुम्ही आत्ताही कोरड्याच बसल्यात.

मेंग: इथे एका बाजूला धक्का आहे. आमच्याही एका बाजूला डोंगर होता. ते धरायचं नाही. जिथे कुठल्याच बाजूला काठ नाही तिथे जाऊन बसायचं होतं.

योम: हे सगळे जोड माझ्या हातचे आहेत, मेंगबाई. थेंब आत येणार नाही.

मेंग: मला सांगताय? ते होताना सगळ्यांत जवळून मीच बघितलेत. तुमच्या हातावर विश्वास आहे म्हणून तर म्हणते. पुढल्या महिन्यात बोट नौदलाच्या ताब्यात गेली की मला दारातूनही आत घेणार नाहीत. आणि महिनाअखेरीला माझं कंत्राटही संपतंय.

सोक: योम मिस्त्री! आहात का खाली? एक वाजता चौथ्या खोलीतलं ते ब्रॅकेट लावायचंय हां, विसरू नका.

मेंग: फोरमन, मला जायचंय.

सोक: जा की, मावशी. संडासला जायला माझी परवानगी कशाला?

मेंग: समुद्रात. चाचणीला. मला जायचंय. मनापासून जायचंय.

सोक: आँ? मावशी, अहो, मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, तरण्या बाईला न्या!

योम: ती सुरुवात होती, गाढवा!

सोक: कसली सुरुवात? मी काय वाईट केलं? उलट मला वाटलं, मावशींना पायऱ्या चढवत नाहीत, कशाला गळ घाला.

मेंग: तुमचं काही चुकलं नाही. तुमच्याकडे तसंच विचारतात. पण आता मी सांगतेय. जमेल का?

सोक: मावशी, नावं सकाळी दहालाच नौदलाकडे गेली. त्यांची चौकशी असते प्रत्येकाची, आई-बाप, पत्ता, सगळी. पण थांबा, मी लावून बघतो. तसं तुम्ही कधी काही मागितलं नाहीत आजवर.

(सोक जिन्यात उभा राहून फोन लावतो.)

सोक: हॅलो. हो सर, सोक बोलतोय. यादीत एक नाव बदलायचं होतं... हो सर, माहीत आहे... हो सर, तीन दिवस आधी कळवायला हवं होतं... नाही, आजारी नाही कुणी, ओकबाई ठणठणीत आहेत... सर, या बाई चुंगजूच्याच आहेत, म्हणून म्हटलं... बरोबर सर. समजलं. माफ करा.

योम: काय म्हणाले?

सोक: नाही होत. मावशी, मी... मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

मेंग: असू द्या. पाय सांभाळा, तिथे तेल सांडलंय.

सोक: मी जातो. ब्रॅकेटचं आज राहू दे, मिस्त्री. उद्या करा.

योम: गेला. मीही जात नाही. पोटात दुखतंय म्हणून कळवतो.

मेंग: जायचं. तुम्ही न जाऊन मला जागा मिळत नाही.

योम: ओकबाई मागे बसल्या तर माझा हात चालायचा नाही. माझ्या पाठीला कळतं कोण बसलंय ते. मुखवटा घातला की मला बोटभर उजेड दिसतो, बाकी अंधार. कपडे पेटले तरी मला शेवटी कळेल. तुम्ही मागे आहात एवढ्यावर मी अकरा वर्षं आगीत हात घातला. समुद्रावर आठ दिवस मला तुमची आठवण येणार. आणि महिनाअखेरीनंतर रोज येणार. घ्या, बोललो. आमच्याकडे असं एकदाच बोलतात.

मेंग: ऐकलं मी.

योम: काही म्हणू नका. तुमचं उत्तर यायला वर्ष लागेल.

मेंग: एवढं नाही लागत. पण आधी माझं एक काम कराल?

योम: सांगा.

मेंग: जेव्हा वर जाऊन बघाल आणि कुठल्याच बाजूला काठ दिसणार नाही, तेव्हा इथे खाली या. एकटे. दार लावून बसा थोडा वेळ. मग जमिनीला हात लावून बघा. आणि त्या पाइपामागे, कोपऱ्यात. पाणी पहिलं कोपऱ्यात दिसतं.

योम: प्रत्येक कोपरा बघतो. रोज बघतो, आठही दिवस. आणि बोट धक्क्याला लागली रे लागली की तुम्हाला फोन करून सांगतो.

मेंग: मला नका सांगू. घरी या. आईला सांगा.

योम: मी? त्या मला ओळखतही नाहीत. मी कोण कुठला माणूस? तुम्हीच सांगा की, मेंगबाई. मुलीचं ऐकतील.

मेंग: माझं नाही ऐकायची. धरण भरत होतं तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, आई, पाणी आपल्या पायरीपर्यंत येत नाही.