दामले सरांची बाजू

सुमनवहिनी, सरांचे विद्यार्थी आणि माझे जुने सहकारी,

आपण एवढे सगळे आलात. मला उभं राहता येतंय, बोलता येईलच असं नाही. माईक जरा खाली घ्या, मी तेवढी उंच नाही.

दामले सर आणि मी एकाच महाविद्यालयात अभिजात साहित्य शिकवलं. सुडाच्या शोकांतिका तर दोघं मिळून, एकाच वर्गात. नायकाच्या हातात तलवार आहे, समोर वैरी आहे, आणि नायक थबकतो. सर त्याची बाजू घ्यायचे. "तो थबकतो, कारण तो विचार करतो. म्हणून तो मोठा." मी म्हणायची, "अहो सर, तो भितो. उगाच मोठेपणा चिकटवू नका." वर्ग हसायचा. सर सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

मग हिंजवडीला कंपन्या आल्या. आमच्या संस्थेला साहित्य जड झालं, संगणक हवासा झाला. आमचा विभाग बंद करायची बैठक ठरली. सर विभागप्रमुख. आदल्या दिवशी मला म्हणाले, "कुंदाबाई, मी विरोध करणार." बैठकीत सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सर गप्प बसले. विचार करत असतील! त्यांना नव्या विभागात खुर्ची मिळाली. मला घरचा रस्ता दाखवला. पुढं मी कोथरूडला आयटीत जाणाऱ्या मुलांना मुलाखतीपुरतं इंग्रजी शिकवलं. शोकांतिका नाही, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'.

मला राग आला होता. अजून आहे. सर रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या फुटपाथवर जायची आणि मनात भाषण रचायची. हेच भाषण. चारचौघांत, सर समोर बसलेले असताना, एकेक शब्द ऐकवायचा होता मला.

परवा वहिनींचा फोन आला. सरांनी दवाखान्यात त्यांना सांगून ठेवलं होतं, "माझ्या शोकसभेत कुंदाबाईंना बोलवा. बाकीचे मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतील. त्या खरं बोलतील."

आता मी काय करावं, सांगा? खरं बोलले, तर तो सूड राहत नाही, सरांची शेवटची इच्छा होते. गोड बोलले, तर माझंच तोंड कडू होतं. इतकी वर्षं मी धार लावत बसले, आणि सरांनी आपणहून मान पुढे केली. अहो सर, एवढं धाडस त्या बैठकीत का नाही झालं?

परवापासून मी थबकले आहे, सर. आणि भिऊन नाही. आपली बाजू आज मला कळली, पण ऐकायला आपण नाही.

फोन ठेवून मी रडले. भांडायला आपल्यासारखं माणूस मला पुन्हा मिळालं नाही. हेही खरंच आहे, म्हणून सांगते. क्षमा मात्र मी केलेली नाही. वहिनी, तुम्ही मला बोलावलंत, म्हणून हे तुमच्यादेखत बोलले.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं, त्या बैठकीत सरांनी जे केलं, तेच आपण करू.

गप्प राहू.