खालच्या ओळीतले उंदीर

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक डॉ. अभय परचुरे, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती संभाजीराव घुले, त्यांच्या सौभाग्यवती मुक्ताबाई आणि वेफर्स संपेपर्यंत तरी बसून राहिलेल्या सहकाऱ्यांनो, नमस्कार. मी वल्लरी, संभाजीरावांनी सांभाळलेल्या उंदरांच्या जिवावर मोठी झालेली शास्त्रज्ञ.

बत्तीस वर्षं त्यांनी आमचं प्राणिगृह सांभाळलं. संचालकांनी आत्ताच त्यांना संस्थेचा कणा म्हटलं. नाव चिठ्ठीत बघून म्हटलं, पण म्हटलं.

मुक्ताबाई, तुमचे यजमान मांजरी गावाहून रोज इथे कशाला येत होते ते ऐकाच. संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिला आवर घालणारी औषधं आम्ही आधी उंदरांवर तपासतो. म्हणजे संधिवात आम्हीच आणायचा आणि बरा केल्याचं श्रेयही आम्हीच घ्यायचं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या औषधाने कमाल केली. औषध दिलेल्या उंदरांची वजनं वाढली, म्हणजे ते बरे होताहेत असं मी धरलं. सूज फारशी उतरली नव्हती, पण सूज कोण बघतो? मी पेढे वाटले. संभाजीराव पेढा हातात धरून म्हणाले, "मॅडम, पाय सुजल्यावर त्यांनी उभं राहून पिंजऱ्याच्या झाकणाच्या जाळीतलं खायाचं कसं? मी भिजवून पुढ्यात ठेवत व्हतो. पर खालच्याच वळीतल्या पिंजऱ्यांना. वरच्या वळीला माझा हात पोचत न्हाई."

स्टूल मिळावं म्हणून त्यांनी तीन अर्ज दिले होते. खरेदी समिती अजून विचार करते आहे.

औषधाचे सगळे पिंजरे खालच्या ओळीत होते, बिनऔषधाचे वरच्या. चाचणी पुन्हा झाली, औषध आपटलं, आणि परवानगीविना आहार दिला म्हणून मेमो मिळाला संभाजीरावांना.

आता खरं सांगते. पिंजरे दोन्ही ओळींत मिसळून ठेवायचे असतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. कंटाळा करून मी ते एकाच ओळीत ठेवले. चौकशीत मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बढती तोंडावर होती. ती मिळाली. पाय सुजलेल्या उंदरांना खाणं पुढ्यात द्यावं, असा नियमही नंतर संस्थेत आला आणि त्याखाली सही माझी आहे. मला याची लाज वाटते.

संचालकसाहेब, हे माझं लेखी निवेदन. तो मेमो त्यांच्या फायलीतून काढून माझ्या फायलीत लावा. ते पाच वाजता निवृत्त होतात, आत्ता सव्वाचार झालेत. चहा थांबू शकतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. मेमोची माफी मात्र सभेकडे मागून उपयोग नाही. संभाजीराव, ती तुमच्याकडे मागते.