ललितच्या लग्नाचे केस

…नाही नाही, टोपी राहू द्या जिथं आहे तिथं. तुम्ही आरामात बसा, पंखा माझ्याकडं फिरवला तरी चालेल, पण टोपी नाही काढणार. बेचाळीस डिग्री आहे, मान्य. बऱ्हाणपुरात एप्रिल महिन्यात टोपी घालून बसलेला माणूस एक तर येडा असतो, नाहीतर त्याच्या डोक्यावर काहीतरी घडलेलं असतं. माझ्या डोक्यावर घडलंय.

तुम्हाला सांगतो, मला फक्त केस वाढवायचे होते. आयुष्यात एकदाच रबर लावून मागं बांधायचे होते, बस. कारण काय, तर आमच्या खानदानात पंचेचाळिशीच्या आत टक्कल. आमचे वडील, प्रभाकर मास्तर, लग्नाच्या फोटोत केसांना कंगवा पुरत नाही, अन् मी पाचवीत गेलो तेव्हा सफाचट! दोन्ही काका तसेच. मी एकेचाळीसचा. लहानपणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वडील मला आणि धाकट्या ललितला सुकलाल न्हाव्याच्या खुर्चीत बसवायचे आणि दोनच शब्द बोलायचे, 'बारीक कर.' ते गेले तरी सुकलालनं ते दोन शब्द सोडले नाहीत. मग एक दिवस आरशात पाहिलं, कपाळ वर सरकायला लागलेलं… म्हटलं, धर्मेंद्र, आत्ता नाही तर कधीच नाही. आणि माझ्याच डोक्यावर वाढवत होतो ना हो, कोणाच्या बांधावर तर नाही?

पहिले दोन महिने कोणाला काही कळत नाही. तिसऱ्यापासून सुरू होतं. मागचे कॉलरवर टेकतात अन् तिथून वर वळतात, कानाजवळचे आडवे निघतात, समोरचे डोळ्यात जातात, आणि मधले… ते मधले कोणाचंच ऐकत नाहीत. बांधावे तर पुरत नाहीत, सोडावे तर बसत नाहीत. तेल लावलं तर आजारी दिसतो, नाही लावलं तर भांडून आल्यासारखा. हेल्मेट काढलं की शाळेच्या गेटवरचा चौकीदार रोज नव्यानं विचारायचा, 'किससे मिलना है?' अहो, मी तिथं अकरा वर्षांपासून गणित शिकवतो!

आई, म्हणजे सरुबाई, ती तर जेवायला वाढतानाही तोंड फिरवून वाढायची. 'काय ते झिपरं रे, लोकं काय म्हणतीन?' शेवटी कंटाळून सुकलालकडं गेलो. म्हटलं, कापायचे नाहीत, समजलं का? फक्त कानाजवळचे जरा सरळ कर. 'हो ना दादा, सेट करून देतो फक्त.' मी डोळे मिटले. उघडले तर चार महिने जमिनीवर! अन् हा मागं आरसा धरून म्हणतो, 'आता कसे माणसात आले.'

मग पुन्हा पहिल्यापासून. या वेळेला माझ्या मुलीला, पूर्णिमाला, चौथीत आहे ती, बापाची दया आली. तिनं तिचा हेअरबँड दिला, म्हणाली, घरात घाला पप्पा, डोळ्यात नाही येणार. काय सांगू, इतका आराम, इतका आराम, की तो डोक्यावर आहे हेच विसरलो आणि तसाच शाळेत गेलो. दहावीला त्रिकोण शिकवला. पूर्ण पिरियड वर्ग चिडीचूप, एक पोरगं हललं नाही. मला वाटलं, चला, आज समजतंय यांना.

मग प्रिन्सिपलसाहेबांनी बोलावलं. 'मास्टरजी, बैठिए. ये सर पे क्या बैठा है?' हात लावून पाहिलं तर जांभळं फुलपाखरू. 'बहुत हो गया. बाल कटवा के आओ, नहीं तो मैं कमेटी को लिखता हूँ.' आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी काढलं नाही, निघून गेलं. 'सर, मन्नत है. इच्छापुर वाली माता की.'

साहेब उभे राहिले. खुर्चीतून उभे! माझ्या केसांकडं पाहून हात जोडले. 'अरे, तो पहले बताना था ना. क्या माँगा है माता से?'

आता काय सांगावं? माझं डोकं जोरात चाललं. म्हटलं, अशी गोष्ट सांगावी जी होणारच नाही. म्हटलं, 'छोटे भाई की शादी, सर.' ललित सदतीसचा, फोपनारला आमची केळी पाहतो. सतरा मुली पाहून झाल्या, म्हणजे सतरा मुलींनी त्याला पाहून झालं. शेती करणाऱ्याला मुलगी देतंय कोण आजकाल? म्हणजे याचं लग्न होत नाही, नवस फिटत नाही, केसाला हात लागत नाही. गणिताचा मास्तर आहे मी, हिशेब पक्का.

संध्याकाळपर्यंत ती बातमी आमच्या घरी माझ्याआधी पोहोचली. आई दारातच. मला खाली बसवलं, तेलाची वाटी आणली, तेच झिपरं हातात घेऊन चोळायला लागली आणि रडायला लागली. 'भावासाठी एवढं बोलला तू देवीला, अन् मी तुला काय काय म्हटलं रे बाबा…' चारुलता, म्हणजे आमची बायको, तिला खरं माहीत. ती आत कणीक मळता मळता फक्त एवढं बोलली, 'देवीच्या नावानं खोटं बोलले ना? आता निस्तरा.' दुसऱ्या दिवशी ललित आला गाडीवर, केळीचा अख्खा घड घेऊन. तो बोलत नाही जास्त. बसला, पाणी प्यायला. म्हणाला, 'दादा, तू मला सांगितलं बी नाही.' डोळे पुसले अन् गेला. त्या दिवशी मला खरी लाज वाटली. पण केस… तुम्हाला सांगतो, केस फार मस्त वाढत होते. माझ्याच डोक्यावर वाढत होते ना हो, कोणाच्या बांधावर तर नाही?

चौदाव्या महिन्यात, एका मंगळवारी, रबर बसलं. दोन बोटांची शेंडी, पण बसलं. मी आरशासमोरून हललो नाही, पहिला पिरियड गेला तरी. मंगळवारी रबर बसलं आणि गुरुवारी तुकईथडहून फोन आला. मुलगी शीतल, तेहतीसची, अंगणवाडीत आहे, मुलगा पसंत आहे. कसा काय पसंत आहे? तर म्हणे, तिच्या मामानं मला बसस्टँडवर पाहिलं होतं, कोणीतरी नवसाचं सांगितलं, आणि ती मुलगी म्हणाली, 'ज्या घरात थोरला भाऊ धाकट्यासाठी वर्षभर असं तोंड घेऊन गावात फिरतो, ते घर वाईट नसणार.'

म्हणजे माझ्या केसांनीच जमवलं हो! मी म्हटलं, घाई नको, पत्रिका पाहा, तुकईथड दूर पडतं… ललितनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मी म्हटलं, नाही, चांगलं स्थळ आहे.

मग लग्न ठरल्याबरोबर नवस फेडायला इच्छापूर. पूर्ण भावकी, दोन पिकअप भरून. सुकलालला खास बरोबर आणलेला. मी पाटावर बसलो. तो बेशरम कानाजवळ येऊन विचारतो, 'दादा, सेट करू का?' आईनं केस पदरात झेलले. ललितनं माझा हात धरलेला, तो रडतोय, मीही रडतोय. लोकं म्हणत होते, भावाभावाचं प्रेम पाहा. होतंच ना प्रेम. पण सगळं रडणं काही त्याचं नव्हतं.

त्याला झाले सात महिने. लग्न झालं, शीतल चांगली आहे, ललित आता जेवताना बोलतोसुद्धा. केस परत आले. सगळे नाही आले. समोरचे जे गेले ते गेलेच, वडिलांचं कपाळ आलं त्या जागी. मागचे आणि कानाजवळचे मात्र आलेत, पहिल्यासारखेच आडवे. म्हणून टोपी.

पण आता कोणी नाव ठेवत नाही बरं का! कारण शेजारचे चुडामणकाका लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात आले, त्यांच्या पोराला, यादवला घेऊन. एकोणचाळीसचा, अजून बिनलग्नाचा. 'तुझे केस पावतात रे बाबा, आमच्यासाठी एवढं कर.' मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, 'करीन ना, का नाही करणार?' त्याच्यामागं प्रिन्सिपलसाहेबांचा भाचा नंबर लावून आहे. सुकलाल आता मला दुकानात पायसुद्धा ठेवू देत नाही, म्हणतो पाप लागेल. म्हणजे डोकं माझं, अन् बांध यादवचा!

मी यादवला बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, यादव, घाई करू नको. दहा-बारा मुली पाहा, खोट काढ, नाही म्हणायला शिक. रबर बसेपर्यंत तरी थांब! तो म्हणाला, 'नाही दादा, मला कोणीही चालेल.'

परवा चांदनी गावाहून मुलीकडचे पाहुणे येऊन गेले. त्यांना पसंत आहे.

घ्या, काढतो टोपी. बघून घ्या एकदा… रविवारी इच्छापूर, तोपर्यंतच आहेत.