झांजिबारची कोळंबी

हसा तुम्ही, पण मी झांजिबारला लवंगा बघायला गेलो नव्हतो, मुलगी बघायला गेलो होतो. अब्बांचे एक दोस्त तिकडे दुकान टाकून होते, त्यांची जुबेदा. मुरुडहून निघताना अम्मीनं बजावलं होतं, "कोळंबीला हात लावू नको. तुला सोसत न्हाय."

पहिल्याच जेवणाला नारळाच्या दुधातली कोळंबी! चाचा म्हणाले, "जुबेदानं खास तुझ्यासाठी केलीय." कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? खाल्ली, वर मागून घेतली.

हात धुवेपर्यंत अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले, जीभ हलेना. तेवढ्यात चाचांनी विचारलं, "बोल, पोरगी पसंद हाय ना?" मी नुसता घुं घुं करत राहिलो. चाचा घाबरून उठलेच. "ह्याला कसला तरी रोग हाय!"

सूज उतरल्यावर मी खरं ते सांगितलं. चाचा म्हणाले, "कोकणातल्या माणसाला कोळंबी बाधते? कोणाला सांगतोस!" आणि परतीच्या बोटीचं तिकीट हातात ठेवलं.

निघालो तेव्हा जुबेदा दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "आधी सांगायचं होतं. मी डाळभात केला असता, आणि खुशीनं मुरुडला आले असते."