नाबाल हे नाव आणि बाबांचं बोट

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळीचे वडीलजन, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आपले पाळकबाबा, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या सर्वांच्या आई, आणि पंख्याखालची जागा मिळावी म्हणून मघापासून खुर्च्या बदलणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

आज शनिवार, चौदा तारीख. या माइकसमोर मी दोन वर्षांनी उभी राहतेय. एवढ्या लांबलेल्या अबोल्याबद्दल आधी क्षमा मागते. दर रविवारी बायबलमधला पाठ वाचायचं काम माझं होतं. एका रविवारी नाबालाचा अध्याय आला. त्याची बायको अबीगईल दाविदाला सांगते, या माणसाचं मनावर घेऊ नका, हा नावासारखाच आहे, त्या वाक्यापर्यंत मी पोचले. नाबाल म्हणजे मूर्ख. आणि पहिल्या रांगेत, हनुवटीवर हात ठेवून, माझा धाकटा भाऊ ऐकत बसला होता. त्याचं नाव नाबाल. मी पुस्तक मिटलं आणि खाली उतरले. तुम्हाला वाटलं, बाईंचा घसा बसला. दोघांनी गरम पाणीही आणून दिलं. पाणी प्यायले, पण पुन्हा वर आले नाही.

पाहुण्यांसाठी आमची रीत सांगते. आमच्याकडे मुलाचं नाव आईबाप ठेवत नाहीत. पाळकबाबा डोळे मिटतात, शास्त्र उघडतात, पानावर बोट टेकवतात. बोटापाशी जे पहिलं नाव येईल ते बाळाचं. मुलगा असेल तर पुरुषाचं, मुलगी असेल तर बाईचं. बोट एकदाच ठेवायचं, दुसऱ्यांदा नाही. अशाने कुणाला राजाचं नाव मिळालं, कुणाला द्वारपालाचं. बाबा इथे नवे आले तेव्हा त्यांच्या हातून झालेलं पहिलंच नामकरण माझ्या भावाचं.

बाबा, गेल्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला अर्थ माहीत नव्हता?" तुम्ही काय म्हणालात? "माहीत होता गं. अबीगईल त्याच ओळीत होती, पण पोरगा होता. मी तुझ्या वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, बोट ते बोट." धन्य ते वडील! आणि बाबा, धन्य तुमचीसुद्धा. त्या अध्यायातल्या नाबालाकडे तीन हजार मेंढरं होती. आमच्या नाबालाकडे एक शिडी आणि वायरची दोन भेंडोळी.

आता हे सगळं निरोपाच्या दिवशी का? कारण उद्या बाबांच्या हातचं शेवटचं नामकरण आहे, आणि ते बाळ माझ्या या भावाचं आहे. बाळाची आई म्हणाली, "तुमचं झालं ते झालं. माझ्या लेकराचं नाव मी आंधळ्या कोशिंबिरीवर सोडणार नाही." आणि बाळाला घेऊन तडक माहेरी गेली. तीन आठवडे झाले. भाऊ बोटावर अडून बसलाय. मी त्याला म्हटलं, "अरे, बायको महत्त्वाची की बोट?" तर म्हणतो, "ताई, नाबाल अशी हाक आली की मीच जातो ना? मूर्ख थोडाच जातो?" त्याला समजवावं तर हा हसतो, तिला समजवावं तर ती रडते. आणि मी मधल्यामध्ये, दोन्हीकडून "तुम्हाला नाही कळायचं" ऐकून घेणारी.

हसतोय बघा अजून.

मग मीच तो अध्याय पुन्हा काढला. मला छळणारा प्रश्न असा, की कुठली आई पोटच्या पोराचं नाव मूर्ख ठेवील? काही अभ्यासक म्हणतात, ते त्याचं खरं नाव नसावंच, गोष्ट सांगणाऱ्यांनी मागून चिकटवलेलं असावं. खरं काय ते मला ठाऊक नाही, आणि उगाच विद्वत्ता मिरवणार नाही. पण एक गोष्ट मला वाचताना निसटली होती. त्या नावाचा अर्थ अख्ख्या गोष्टीत एकदाच उच्चारला जातो, तोही बायकोच्या तोंडून, आणि समोर दाविदाच्या चारशे तलवारी असताना. दाविदाच्या माणसांना अन्न नाकारून, अपमान करून नवऱ्याने घरावर ओढवलेलं संकट ती परतवत असते. नवऱ्याचं नाव ती ढालीसारखं पुढे धरते. रागावलेली आहे, वैतागलेली आहे, पण घर वाचवायला निघालेली आहे. ते वाक्य मी टोमणा समजून पुस्तक मिटलं होतं. तेव्हा मी बरोबर होते का? अजून नक्की सांगता येत नाही.

मात्र आमच्या घरातली बाई कुणासाठी भांडतेय, ते त्यामुळे मला दिसलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, बाळाला मांडीवर घेऊन ती बसली आहे. मागे वळून पाहू नका. पाहिलंतच. ती इथवर आली आहे, घरी अजून आलेली नाही. तिची अट एकच आहे, आणि ती बोट नको अशी नाही. मी आज दुपारी नीट विचारून घेतलं.

म्हणून बाबा, सर्वांसमोर विनंती करते. बोट तुमचंच राहू द्या, रीतही राहू द्या. फक्त उद्या डोळे उघडे ठेवा. आधी पान बघा, ओळ बघा, त्या माणसाचं पुढे काय झालं ते बघा, आणि मग बोट ठेवा. एका बाळाच्या नावापुरतं एवढं कराल?

धाकट्या, खाली बस. तुला विचारलेलं नाही.

काय म्हणालात बाबा? माइकमध्ये सांगा... हो, ऐकलंत ना सर्वांनी? बाबा म्हणतात, "उघडे ठेवीन. पण उघडे ठेवून तरी मला काय दिसणार? चष्मा मोडून महिना झाला."

अध्यक्षबाई, वेळेचं भान राहिलं नाही. घरची भांडणं सभेत आणली, सत्कारमूर्तींना उलट प्रश्न केले. वैतागात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. बाबा, आई, इतकी वर्षं आमची लग्नं, आजारपणं आणि हट्ट सांभाळलेत, त्याबद्दल मंडळीतर्फे मनापासून आभार.

आणि उद्याचं काम एकच: पहाटे चष्मेवाल्याला उठवणे.