तात्याच्या रानातली गाडीवाट

ऐका गं सुनांनो. आन् मधी कुणी खोकू नका.

तात्या ढोण्याच्या रानातनं आपली गाडीवाट. माझ्या सासऱ्याच्या आज्यापासनंची. आपल्या रानाला दुसरी वाटच न्हाई. तात्यानं जित्तेपणी ती मोडायची लई खटपट केली. दरसाल नांगर थोडा थोडा आत सरकवायचा. मेला, पर खोड काय गेली न्हाई!

मागनं त्याच्या पोरानं काय केलं, तर सगळ्या वाटेवरच नांगर घातला. कधी? उद्या मामलेदार वाटेचा तंटा बघायला येणार, तर आदल्या सांजच्याला! मालक तालुक्याला, सकाळी सायबासंगट यायचे. मी नवी सून, एकटी रानात. गाडीत ज्वारीची कणसं भरलेली. म्हणलं, आज गाडी हितंच ऱ्हायली तर उद्या सायेब नांगरलेलं रान बघंल आन् इचारंल, कुठाय वाट? मग संपलंच की! जायला वाट न्हाई ते रान काय चाटायचंय? कंदील अडकवला आन् हाणली बैलं. अवस व्हती, बरं का.

थोडं गेले, तर म्होरं बाभळीच्या काट्यांचा ढीग! सांजच्याला नव्हता. उतरले, कोयत्यानं ओढला बाजूला. चार पावलं गेले, पुन्यांदा ढीग! पुन्यांदा ओढला. तिसऱ्यांदा हात रगतानं भरलं. आन् बघते तर काटं न्हाईत, रगत न्हाई, कायच न्हाई! लई भ्याले. खोटं कशाला बोलू?

हाणली तशीच. तर बैलं थांबली. गाडी जड. जड म्हंजे, चाकं निम्मी भुईत! मागं वळून बघते, तर तात्या! कणसांवर मांडी घालून बसलाय. डोक्याला तेच पागोटं.

"सूनबाई," म्हणाला, आवाज कसा साखरेवानी. "मी कुठं अडवतोय? नुसतं इचार. 'तात्या, जाऊ का' म्हण. लगीच सोडतो."

हितंच मी चुकत व्हते बघा. थोरल्या माणसाला इचारायची आपली रीत. पदर डोक्यावर घेतला. 'तात्या' म्हणलेसुदिक! तेवढ्यात सासऱ्याचं बोलणं ध्यानात आलं. ते म्हणायचे, एकदा परवानगी मागितली की वाट त्याच्या मर्जीची झाली. आज हो म्हणंल, उद्या न्हाई म्हणंल. हक्काच्या वाटेवर इचारायचं नसतं.

तशी माझी सटकली! भ्या गेलं कुठल्या कुठं. म्हणलं, "तात्या, गाडी माझी. कणसं माझी. वर बसताना मला इचारलंत का? उतरा खाली!"

बया! असा केकाटला म्हणता! गाडी एकदम हलकी. बैलं उधळली. कंदील इझला. मी नुसती कासरा धरून. गारगार हात पाठीवरनं गेला, चोळी टराटरा फाटली. पर गाडी गावच्या रस्त्याला लागली गं! जीव वाचला.

सकाळी सायेब आला. नांगरल्या रानात दोन चाकोऱ्या, आरपार. त्यानं तात्याच्या पोराला इचारलं, "वाट न्हाई म्हणतोस, मग गाडी काय उडत आली?" तिथंच वाट मोकळी करायचा हुकूम दिला.

तात्या अजून तिथं बसतोय. बसू दे! पर तुम्ही काय चालवलंय? आठ दिस झालं, त्याच्या भ्यानं वड्यानं वळसा घालताय. त्याला तेच पायजे! पोराला जमलं न्हाई ते तुम्ही फुकट करून देताय. त्या वाटेवर कुणाला इचारू नका. आन् त्या वाटेनं जाणं सोडलं, तर माझ्याशी गाठ हाय.

उठा. आत्ताच जाऊन येऊ. म्होरं मी चालते.