सावली सोडून

...आणि वर मला विचारतात, "म्हणजे तुम्ही दिवसभर नक्की करता काय हो?" आता काय सांगायचं? परवा बायकोच्या भावानं विचारलं, जेवता जेवता, "भाऊजी, तुम्ही झाडं मोजता ना?" म्हटलं, नाही, मोजत नाही. "मग लावता?" लावतही नाही. "मग तोडता?" अहो, नाही हो... "मग झाडांशी तुमचा संबंध काय?" मी त्याला भात वाढला. संबंध आहे, तो पुढे येईलच.

तुम्हाला सांगतो, मी झाडं वरून बघतो. अभयारण्यावरून विमान जातं, खाली तोंड करून फोटो काढत काढत जातं, एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, आणि हे शेजारशेजारचे दोन फोटो खास चष्मा लावून स्क्रीनवर बघितले की सपाट जंगल उठून उभं राहतं. मग मी माउस धरून रेघ मारतो. हे गवत. ही झुडपं. हे नदीकाठचं दाट जंगल. हे कोरडं मिश्र जंगल. रेघ मारायची, आत रंग भरायचा, पुढे सरकायचं. झालं! सोपं वाटतं ना? या, बसा माझ्या खुर्चीत, मानेला पट्टा माझाच घ्या. वरून सगळं हिरवंच दिसतं हो... त्या हिरव्यातून हिरवं वेगळं काढायचं, हा माझा धंदा.

त्यात आमच्या मॅडम. नकाशा विभागाच्या प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, ओरडणारा साहेब परवडला. या मागे येऊन उभ्या राहतात. आपल्याला पत्ताच नसतो, आपण रेघ मारत असतो, आणि मग कानामागून अगदी हळू, "सावली सोडून, हं." बस्स, एवढंच. कारण काय होतं, सकाळच्या उन्हात काढलेल्या फोटोत झाडाची सावली लांबच लांब पडते, काळपट हिरवी, आणि डोळा थकला की ती झाडातच जमा होते. पाच झाडांची दहा होतात. म्हणून मॅडम म्हणतात, "सावली झाडाची नसते, उन्हाची असते. ती मोजायची नाही." मान्य. लिहून ठेवावं असं वाक्य आहे. मी माझ्या स्क्रीनच्या कडेला चिकटवूनही ठेवलंय, त्याचा उपयोग किती झाला ते आता ऐका.

दुसरा नियम असा की अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान जे काही असेल, ते दाखवायचंच नाही. शेजारच्यात मिसळून टाकायचं. जंगलात छोटंसं तळं असो, बांबूचं बेट असो, अर्ध्या हेक्टरच्या आत असेल तर त्याला रंग नाही, रेघ नाही. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या माणसाचं होतं तसं. होता तो तिथे, जेवूनही गेला, पण फोटोत नाही.

आणि तिसरा नियम लाल रंगाचा. लाल रेघांची जाळी. म्हणजे बाहेरून आणून माणसांनी लावलेली झाडं, जी मूळची त्या जंगलातली नव्हेत. नकाशाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, त्या लाल रंगापुढे लिहिलेलं असतं, 'निष्कासन प्रस्तावित'. आपल्या भाषेत सांगायचं तर, तोडा. चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. जंगलाला आपलं जंगल परत मिळावं, यात वाईट काय? मीच चार लोकांना हे समजावून सांगत आलोय, अगदी तळमळीनं.

तर आमच्याकडे बिघडलेले प्रिंट फार निघतात. शाई कमी पडली, कागद सरकला, की तो ताव बाद. मी ते घरी आणतो. जाड कागद, फडताळात डब्यांखाली अंथरायला एक नंबर. आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली गवताळ प्रदेश आहे, आणि साखरेच्या डब्याखाली नदीकाठचं दाट जंगल. तर त्या दिवशी मी असाच एक ताव आणला, आई फडताळ पुसून तो अंथरायला बसली, आणि बसली ती उठेचना. मी म्हटलं, आई, कंबर धरली का? तर म्हणते, "ही आमची नदी."

आता आई शाळेत फारशी गेली नाही. नकाशा तिनं कधी हातात धरलेला नाही. मी म्हटलं, नद्या सगळ्या सारख्याच दिसतात गं, वरून सगळं हिरवंच दिसतं. तर म्हणाली, "मला वरूनच माहीत आहे ती. गुरं घेऊन टेकडीवर बसायचे ना मी. हे कोपरासारखं वळण, हा मधला खडक, आणि ही आमची सुरूची झाडं. तिकडची."

तिकडची. तुम्हाला सांगतो, आईच्या बोलण्यात एक 'तिकडे' कायम असायचं. 'तिकडे असं नव्हतं', 'तिकडे आम्ही अंगणात झोपायचो'. अभयारण्य झालं तेव्हा ती वस्ती उठवली, आई परकरात होती, तिच्या वडिलांनी गाडीत भांडी भरली आणि निघाले, एवढं आम्हाला ठाऊक. पण ते 'तिकडे' म्हणजे नेमकं कुठे, हे कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आणि मी, महिनोन्महिने त्याच्यावरून फिरत होतो. विमानाच्या उंचीवरून. वळणापाशी सुरूची रांग ओळखली, गडद, उंच, टोकदार, आपली नव्हे ती, म्हणून व्यवस्थित रेघ मारली, आणि लाल करून टाकली.

आई त्या लालवर बोट ठेवून म्हणते, "बघ, आमच्याच घराला वेगळा रंग दिलाय सरकारनं. बाकी सगळं हिरवं. आम्हाला विसरले नाहीत."

सांगा, काय बोलायचं?

आणि ती काही तो कागद डब्यांखाली घालेना! भिंतीला लावला. चार खिळे, अगदी देवघराशेजारी म्हणता येईल अशा जागी. शेजारच्या काकू आल्या, "हे आमचं तिकडचं." दूधवाला आला, "हे आमचं तिकडचं." गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा, त्यालाही थांबवून दाखवलं, "आमच्या वडिलांनी लावलेली आहेत. वारं अडवायला. वारा सुटला की घरात कुणीतरी धान्य पाखडतंय असा आवाज यायचा." तो बिचारा म्हणाला, "हो का आजी? छान आहे." बायको मला मागून कोपरानं ढोसते, सांगा ना त्यांना. मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, आई तुमच्या आहेत. मी भित्रा माणूस आहे हो, पहिल्यापासूनच. आणि तो आनंद बघून आणखी भित्रा झालो.

तर मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशी चष्मा चढवला, तो फोटो उघडला, आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. सुरूची झाडं उंच, अंगानं बारीक, सकाळचं ऊन... सावल्या पार गवतापर्यंत पसरलेल्या. आणि माझी रेघ? त्या सावल्यांच्या टोकाला. 'सावली सोडून' असं माझ्याच स्क्रीनच्या कडेला चिकटवलेलं, आणि त्याच स्क्रीनवर मी सावल्याच्या सावल्या झाडात घेतलेल्या. सावली धरली तर तुकडा अर्ध्या हेक्टरच्या बराच वर, म्हणजे नकाशात, म्हणजे लाल. सोडली तर? काठावर. खाली जाईल, नाही जाईल... आणि खाली गेला तर तो शेजारच्या कोरड्या मिश्र जंगलात मिसळणार, आणि त्याच्या वाटेला कुणी जाणार नाही.

मी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं, आईसकट. वाटलं, बाई आहे, विरघळेल. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "तुमच्या आईसाठी मी रेघ हलवणार नाही. चुकली असेल तर हलवीन. जागेवर जाऊन मोजून या. सावली सोडून." आणि मी उठता उठता म्हणाल्या, "आईंना न्यायचं असेल तर परवानगीपत्रावर मदतनीस म्हणून लिहा." तेव्हापासून मी त्यांच्याविषयी वाईट बोलत नाही. कमी बोलतो.

निघालो. जीपमध्ये आई पुढे, नवी साडी, मांडीवर पिशवी. मी मागे. बरोबर तिथला गार्ड. हा गार्ड म्हणजे... काय सांगू! मी विचारलं, हे कुठलं झाड? म्हणाला, "झाड आहे साहेब." ते पलीकडचं? "तेही झाडच." माणूस मात्र मनानं चांगला, आईला ओढा ओलांडताना हात दिला, "या आजी, दगड हलतोय."

आणि पोहोचलो. घर नाही हो, काहीच नाही. जोत्याचे चार दगड, त्यातूनही झुडूप आलेलं. पण सुरूची झाडं होती. मूळची थोडी, बाकी त्यांची पोरंबाळं, दाटीनं उभी. आणि मग वारा आला. तो आवाज... माझ्या फोटोत तो नव्हता. इतके महिने मी ही झाडं बघितली, रंगवली, आणि त्यांना आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "ऐकलंस?" मी म्हटलं, हो. मला रडू आलं, मी टेप काढायच्या निमित्तानं पिशवीत तोंड घातलं.

मोजायला लागलो. टेपचं एक टोक गार्डकडे, दुसरं आईनं हट्टानं आपल्याकडे घेतलं, मदतनीस ना! मी म्हटलं, आई, शेवटच्या झाडाच्या फांद्या संपतात तिथे उभी राहा. राहिली. मी आकडा बघायला वाकलो, बघतो तर टेप ताणतोय. वर बघितलं तर आई हळूच मागे सरकतेय. एक पाऊल... आणखी एक... गवतात, सावलीत. म्हटलं, आई, पुढे ये. म्हणाली, "असू दे रे. तुझ्या त्या नियमात बसायला हवं ना? कमी भरलं तर काढून टाकतील नकाशातून." बायकोनं तिला अर्धाच नियम सांगितला होता! लहान तुकडा नकाशात राहत नाही, एवढाच. आणि ही माउली जागा मोठी करत होती. एकेक पाऊल मागे, आणि प्रत्येक पावलाला मला कुऱ्हाड दिसत होती. तिकडून गार्ड ओरडतो, "साहेब, धरू का सोडू?"

मी म्हटलं, आई, पुढे ये. सावली सोडून उभी राहा.

आली. मोजलं. दोनदा मोजलं, एकदा माझ्यासाठी, एकदा मॅडमसाठी. कमी भरलं. थोडक्यात, पण सावली सोडून, अगदी प्रामाणिकपणे, कमी.

आई म्हणाली, "नाही बसलं?"

नाही बसलं.

"म्हणजे आम्ही नाही नकाशात."

आता किती दिवस गिळून बसायचं? सांगितलं. लाल म्हणजे काय ते सांगितलं. तो रंग आठवणीचा नव्हे, तोडायचा आहे, आणि तो मीच भरला, हेही सांगितलं. आई एका बुंध्याला हात लावून उभी होती, तो हात तिनं काढला नाही. वारा थांबला होता, गार्ड टेप गुंडाळत होता, मुद्दाम सावकाश.

"मग इतके दिवस भिंतीवर का राहू दिलास?"

मी गार्डकडून टेप घेऊन पिशवीत भरला. तीच म्हणाली, "पुसून टाक आम्हाला. इथे कुणी नव्हतं म्हणून लिही. झाडं राहू देत."

असं कुठे लिहायचं नसतं हो. लिहिण्याची सोयच नसते. मी परत आलो, मोजमाप मॅडमना दिलं, त्यांनी तपासलं, माझ्या मागे उभ्या राहिल्या, आणि मी रेघ पुसली. आत कोरड्या मिश्र जंगलाचा रंग भरला. शेजारच्यासारखाच, कुठे सांधा दिसत नाही. वीस-बावीस वर्षं रेघा मारतोय, पण इतकी चांगली पुसलेली रेघ माझ्या हातून दुसरी झालेली नाही.

नकाशा छापून आला. उत्तम झालाय म्हणतात. वरिष्ठांचं पत्र आलं, अचूक काम, अभिनंदन वगैरे. मी एक ताव घरी आणला, चांगला, न बिघडलेला, आईसमोर धरला. तिनं डोळ्यांजवळ नेऊन वळण बघितलं, खडक बघितला. मग बोट फिरवत राहिली त्या हिरव्यावर, कुठे थांबावं ते कळेना तिला. मग म्हणाली, "कागद जाड आहे," आणि उठली, फडताळ रिकामं केलं, डब्यांखाली अंथरला.

आणि तो बाद झालेला, शाई कमी पडलेला, माझ्या चुकीचा, लाल डागाचा... तो अजून भिंतीवरच आहे. तर आता आमच्या घरी असं आहे बघा, चुकीचा नकाशा देवघराशेजारी आणि बरोबर नकाशा डाळीच्या डब्याखाली. पाहुणे आले की विचारतात, अहो, तुम्ही या खात्यातले, भिंतीवर हा असला का? बायकोच्या भावानं तर परवा बोट ठेवून विचारलं, "भाऊजी, हे लाल काय?"

काय सांगणार? म्हटलं, सावली आहे. तू जेव.